अथेन्स: दिवाळीत जावं की मे महिन्यात? बाबांचा गुडघा आणि आईचं जेवण सांभाळून

नौपाड्याची लेक

नमस्कार मंडळी. माझे बाबा 74 वर्षांचे, ठाण्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. दरवर्षी पोरांना कार्ल्याला न्यायचे, चैत्यगृहाच्या खांबांवरचे यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांचे लेख दाखवायचे आणि म्हणायचे, "हे आपल्याकडे येऊन गेले, आता परतभेट कोण देणार?" ही परतभेट आता द्यायचीच असं घरात ठरलंय. फक्त अथेन्स, सहा-सात दिवस. बेटं नकोत.

अडचणी सांगते. बाबांचा उजवा गुडघा बदललेला आहे. तलावपाळीला रोज दोन फेऱ्या मारतात, सपाटीवर काही अडत नाही, पण स्टेशनच्या पुलावरून उतरताना कठडा सोडत नाहीत. आई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. लेक नववीत, तिची परीक्षा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात संपेल. म्हणजे सुट्ट्या दोनच: दिवाळी (2026 ची, ती नोव्हेंबरात आलीय) नाहीतर 2027 चा मे. टूरवाला मात्र जूनअखेरचं पॅकेज गळ्यात मारतोय, म्हणतो युरोपात काय उन्हाळा, एसीसारखी हवा असते. खरंय का हो?

नेरुळकर

त्या टूरवाल्याला आधी तिथे पाठवा!

आम्ही जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो. उष्णतेची लाट, पारा चाळिशीपार. आमचं अ‍ॅक्रोपोलिसचं, म्हणजे तिथल्या प्राचीन देवळांच्या डोंगराचं, तिकीट दुपारी दीडचं, आणि उन्हामुळे दुपारचे काही तास डोंगरच बंद. संध्याकाळी उघडल्यावर गेलो तर दिवसभर तापलेला संगमरवर बुटातून चटके देत होता. नेरुळला घाम निथळतो म्हणून आपण कुरकुरतो. तिथे घाम दिसतच नाही, येतो तसा वाळतो, आणि तहान लागल्याचं कळेपर्यंत डोकं गरगरायला लागलेलं असतं. वर सावली म्हणाल तर इरेक्थिऑन नावाच्या देवळाला टेकून उभं असलेलं एकुलतं ऑलिव्हचं झाड. त्याच्या सावलीत उभं राहायला मिळत नाही, ते फक्त फोटोपुरतं.

74 वर्षांच्या माणसाला जून-जुलै नकोच.

स्वस्तातला प्रवासी

डिसेंबरात जा. हॉटेलं स्वस्त, गर्दी नाही. थंडी आपल्या महाबळेश्वरपेक्षा जास्त, पण जाड जॅकेट पुरतं.

खारघरचा चीफ

ताई, मी बोटीवर चीफ इंजिनिअर होतो, पुढे काही वर्षं पिरिअसच्या ऑफिसात. पिरिअस म्हणजे अथेन्सचं बंदर, मेट्रोने जेमतेम अर्धा तास. बाराही महिने तिथले बघितलेत. जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, आपलं पंचांग इथेच ठेवा. तिथला पाऊस आपल्या उलटा: उन्हाळा कोरडा ठणठणीत आणि पाऊस हिवाळ्यात. वर्षाचा सगळा मिळून सुमारे 400 मिलिमीटर, ठाण्यात एकट्या जुलैत त्याच्या दुपटीहून जास्त कोसळतो. पण त्यातला बराचसा नोव्हेंबर-डिसेंबरात. म्हणजे नेमकी तुमची दिवाळीची सुट्टी.

"एवढ्याशा पावसाला काय घाबरायचं, आम्ही ठाण्याचे" असं म्हणाल. मीही म्हणालो होतो. अ‍ॅक्रोपोलिसच्या पायथ्याशी अरिओपॅगस नावाचा खडक आहे, शतकानुशतकं पावलांनी घासून गुळगुळीत झालेला. एका नोव्हेंबरात पाच मिनिटांची सर येऊन गेली होती, ऊनही पडलं होतं. मी सेफ्टी शूज घालून आयुष्य काढलेला माणूस, तेलकट प्लेटांवर चाललेला. दुसऱ्या पावलाला बसलो. बसलो म्हणजे आपटलो. शेजारून एक आजीबाई लोखंडी जिन्याचा कठडा धरून शांतपणे उतरून गेल्या, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यामुळे बाबांसाठी थर्मामीटर नका बघू, फरशी कोरडी आहे का ते बघा. अरिओपॅगस तर कोरडा असला तरी त्यांना खालूनच दाखवा.

डिसेंबरवाल्या भाऊंचं हॉटेलचं गणित बरोबर आहे. पण सूर्य पाच-सव्वापाचला मावळतो, आणि हिवाळ्यात ही ठिकाणं लवकर बंद होतात. पूर्वी हिवाळ्यात तिकीट निम्मं असायचं, ती सवलत 2025 पासून गेली. आता बाराही महिने 30 युरो. जानेवारीत मात्र मध्येच काही दिवस समुद्र आरशासारखा आणि ऊन कोवळं असतं. तिथले लोक त्यांना अल्किओनचे दिवस म्हणतात, अल्किओन म्हणजे आपला खंड्या. त्याने अंडी उबवावीत म्हणून वारा थांबतो अशी जुनी कथा आहे. फार सुंदर दिवस, पण त्यांच्या भरवशावर कुणी तिकीट काढू नये.

उरला वसंत. मे चांगलाच, पण मेच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून क्रूझवाल्यांचे लोंढे वाढतात. मी म्हणेन, लेकीची परीक्षा संपली की लगेच निघा. 22-23 एप्रिलला निघून 1 मेला परत. दुपारी वीस-बावीस अंश, आठपर्यंत उजेड, पाऊस आला तरी शिंतोडे. रस्त्याकडेला कडू संत्र्याची झाडं आहेत, एप्रिलात ती फुलतात. तुम्ही पोचाल तेव्हा बहर ओसरत आला असेल, तरी एखाद्या गल्लीत वास अडतोच. मी ऑफिसमधून मुद्दाम दोन स्टॉप आधी उतरायचो.

आणि तारखांची गंमत अशी की 2027 चा त्यांचा ईस्टर 2 मेला आहे. ऑर्थोडॉक्स ईस्टर वेगळा असतो, आपल्या कॅलेंडरवरचा बघून फसू नका. गुड फ्रायडेच्या रात्री, म्हणजे 30 एप्रिलला, प्रत्येक चर्चमधून फुलांनी मढवलेला एपिटाफिओस, म्हणजे ख्रिस्ताची प्रतीकात्मक तिरडी, निघतो. मागे मेणबत्त्या घेतलेला अख्खा मोहल्ला. पालखीच म्हणा, फक्त टाळ नाहीत. बाबांना प्लाका या डोंगराखालच्या जुन्या वस्तीच्या एखाद्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसवा, मिरवणूक त्यांच्यासमोरून जाईल. ईस्टरच्या रविवारी आणि 1 मेला अ‍ॅक्रोपोलिस बंद, तेव्हा डोंगर आधीच उरकून घ्या. त्या आठवड्यात भाडी चढतात, हे लपवत नाही.

आणखी एक खोट. वसंतात कधीकधी दक्षिणेचा वारा सहारातली धूळ घेऊन येतो. 23 एप्रिल 2024 ला अख्खं शहर नारिंगी झालं होतं. एक दिवस हातचा राखा.

चढायचं कसं? सकाळी आठचा स्लॉट. दक्षिणेच्या दारातून, डायोनायससच्या थिएटरकडून चढा, चढण लांब पण सोसवेल अशी. वर 2020-21 च्या सुमाराला काँक्रीटच्या रुंद वाटा टाकल्यात. पुरातत्त्ववाले खूप चिडले होते, बाबाही चिडतील, गुडघा मात्र दुवा देईल. अपंगांसाठी उत्तरेच्या बाजूने लिफ्ट आहे. लागेल असं वाटलं तर आधी फोन करून विचारून ठेवा.

चिंचगुळाची आमटी (वाशी)

चीफ, सगळं सांगितलंत आणि आईंचं जेवण विसरलात!

ताई, ईस्टरआधीचे सात आठवडे म्हणजे त्यांचा श्रावणच. मांस, अंडं, दूध, सगळं वर्ज्य. सगळेच पाळतात असं नाही, पण बेकऱ्या आणि खानावळी त्या दिवसांत उपासाचे पदार्थ ठेवतात. शब्द पाठ करा: "निस्तिसिमो". मी मार्चमध्ये गेले होते. टोमॅटोत शिजवलेल्या जाड पांढऱ्या वालासारख्या बिया, डाळींचं सूप, लिंबू पिळलेली रानभाजी, भात भरलेली द्राक्षाची पानं. आणि रव्याचा हलवा! तेलात भाजलेला, साखरेच्या पाकातला, वर दालचिनी. पहिला घास घेतला आणि सत्यनारायणाची पूजा आठवली, केळं तेवढं नव्हतं.

एक सावधगिरी: त्यांच्या उपासाला ऑक्टोपस, माकूल, कोलंबी चालतात. रक्त नसलेले म्हणून. तेव्हा निस्तिसिमो म्हणून थांबू नका, पुढे "समुद्रातलंही नको" हे सांगायचंच. मी सांगितलं नव्हतं. भाताच्या ताटलीतून एक पाय वर आला.

नौपाड्याची लेक

बाप रे, तो पाय! आईला हे वाचून दाखवलं नाही, बाकी सगळं दाखवलं. त्यांचा श्रावण आहे म्हटल्यावर तीच आता जास्त उत्साहात आहे.

एप्रिलअखेर पक्कं करतेय. बाबा दोन दिवस गडकरी रंगायतनच्या पायऱ्या मोजून चढतायत, सराव म्हणून. 1687 साली पार्थेनॉनवर, म्हणजे डोंगरावरच्या मुख्य देवळावर, व्हेनिसवाल्यांचा तोफगोळा कुठल्या बाजूने आला ते प्रत्यक्ष उभं राहून बघायचंय म्हणे.

दोन प्रश्न उरले. व्हिसाला कधी जायचं? आणि आईला सोबत पेढे आणि घरचं तूप न्यायचंय.

खारघरचा चीफ

शेंगेन व्हिसाचा (ग्रीससकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) अर्ज सहा महिन्यांपेक्षा आधी घेत नाहीत. जानेवारीत टाका, फी माणशी 90 युरो, लेकीलाही तेवढीच. तोफगोळा फिलोपाप्पोस टेकडीच्या बाजूने आला, बाबांना ती टेकडी वरूनच दिसेल, चढायला लावू नका.

पेढे-तूप घरीच. दुधाचे पदार्थ बाहेरून न्यायला युरोपात बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. मेतकूट आणि चिवडा खुशाल न्या.