मदत हवी आहे: फौजेतून निवृत्त झालेली स्फोटकं शोधणारी कुत्री, आमची वाडी आणि डुकरांसाठी ठेवलेले बॉम्ब

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातून लिहितेय. प्रश्न जरा विचित्र आहे, म्हणून आधी थोडं सांगते.

बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. फौजेतलं एखादं कुत्रं घरी आणायचं हे त्यांनी फार पूर्वीपासून मनात घेतलेलं. तेव्हा ते शक्यच नव्हतं. कामाला निकामी झालं की कुत्र्याला इंजेक्शन देऊन संपवत. २०१५ साली माहिती अधिकारात ते उघड झालं, ओरड झाली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि पद्धत बदलली. आता निवृत्त कुत्री मेरठला रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या (फौजेतली जनावरं सांभाळणाऱ्या विभागाच्या) केंद्रात सांभाळतात, तिथून दत्तकही देतात. शेवटपर्यंत बघीन असं लिहून द्यावं लागतं. बाबांनी रीतसर अर्ज केला आणि फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घेऊन बेलाला रत्नागिरीला उतरवली. (त्या तिकिटांवरून आई अजून ऐकवते.)

बेला लॅब्रॅडॉर आहे, वय नऊ. स्वभाव अगदी गरीब. अडचण आहे ती तिच्या नाकाची.

दारूगोळ्याचा वास आला की भुंकायचं नाही, उकरायचं नाही, गप्प बसकण मारून हँडलरकडे (तिला सांभाळणाऱ्या जवानाकडे) बघायचं, ही तिची शिकवण. मग चेंडू मिळतो. आता शेजारच्या तात्यांच्या पडवीत परवान्याची ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाची. बेला उठली की त्यांच्या पायरीवर जाऊन बसते. पाऊस आला तरी हलत नाही. तात्यांना आधी मजा वाटली. पण मग ती वाडीतल्या आणखी एकदोन घरांपुढे तशीच बसायला लागली, आणि त्या घरांत परवाना असल्याचं कोणी कधी ऐकलेलं नाही! तेव्हापासून लोक आमच्याशी जरा जपून बोलतात.

हे हसण्यावारी नेता येईल. पण डुकरं भातात घुसतात म्हणून सड्याच्या (कातळी माळाच्या) कडेला, काजूच्या बागांतून काही जण गावठी बॉम्ब ठेवतात. पिठाच्या नाहीतर चरबीच्या गोळ्यात लपवलेला, चावला की फुटणारा. बेकायदा आहे हे सगळ्यांना माहीत, तरी चालतं. गावातल्या कुत्र्यांचे, चरायला गेलेल्या गुरांचे जबडे यात फाटलेत. बेला तिथे बसेल, तोंड लावणार नाही, असं बाबा छातीठोकपणे सांगतात. मला तेवढी खात्री वाटत नाही. फौजेतली असली तरी शेवटी लॅब्रॅडॉर आहे, चरबीचा वास तिलाही येतो.

तर ती बसली की आम्ही करायचं काय? चेंडू द्यावा तर ती आणखी शोधत सुटेल. नाही द्यावा तर बघत बसते, आणि ते बघवत नाही. रानात नेताना मुसकं घालावं का? शिवाय सकाळी उठताना मागचे पाय धरल्यासारखे वाटतात.

प्रतिसाद: निवृत्त हँडलर, खेड

तिला ओरडू नका. ती तुम्हाला खबर देतेय. चेंडू द्या, पण त्या जागेवर नको. शांतपणे हाक मारा, दहा पावलं मागे आली की द्या. थोड्या दिवसांत वास सोडून मागे येण्यातच फायदा आहे हे तिला कळेल.

दुसरं, तिला नवीन काम द्या. लवंग तेलाचा थेंब कापसाला लावून भोकं पाडलेल्या डबीत घाला, डबी माडाच्या आळ्यात, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) फटीत लपवा. शोधली की तिथल्या तिथे चेंडू आणि कौतुक. या कुत्र्यांना आराम मानवत नाही, कामच लागतं.

रानात ती बसली तर काय आहे ते बघायला कोणीही पुढे जाऊ नका. आल्या वाटेने मागे फिरा आणि पोलीस पाटलांना कळवा. पट्टा कायम हातात. मुसकं जाळीचंच घ्या, त्यात तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत. कापडी पट्टी बांधलीत तर या उकाड्यात जीव घुसमटेल.

प्रतिसाद: दापोलीकर

पायांसाठी आधी एक्स-रे काढा. माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन चुकूनही देऊ नका, कुत्र्यांना विषारी असतात. गुळगुळीत लादीवर गोणपाट टाका, वजन वाढू देऊ नका. पावसाळ्याआधी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) लस झालीय ना ते कागदांत बघा. गोचीड रोज काढा. ताप, खाणं बंद, हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर त्याच दिवशी रक्ततपासणी. दमट हवेचा बाऊ नको. २६/११ ला राबलेली मुंबई पोलिसांची कुत्रीही निवृत्तीनंतर विरारच्या फार्मवर राहिली.

प्रतिसाद: हापूसवाला

आमच्या बागेत माकडांचा उच्छाद आहे. राखणीला असं एखादं कुत्रं मिळेल का?

प्रतिसाद: निवृत्त हँडलर, खेड

साहेब, माकडांमागे पळवायला नऊ वर्षांची पेन्शनर कशाला? बाजूच्या गावातलं गावठी पिल्लू पाळा.

धागालेखिका

हँडलरकाका, दापोलीकर, मनापासून आभार. लवंग तेलाची डबी आजच केली. तिने ती शोधली, पण बसली नाही, डबी तोंडात धरून थेट आईकडे स्वयंपाकघरात. तिला हा खेळ अजून कळलेला नाही, की घरात लवंग असल्यावर आईनेच चेंडू द्यायचा असं तिचं म्हणणं आहे? पोलीस पाटलांशी बाबा उद्या बोलतायत. तात्यांनी बंदूक माळ्यावर हलवलीय, तरी पायरी सुटलेली नाही.

लॅब्रॅडॉरच्या मापाचं जाळीचं मुसकं रत्नागिरीत किंवा कणकवलीत कुठे मिळेल का? बैलांचं घालून बघितलं, फार मोठं होतं.