केळीबागेच्या नोंदी मोबाइल आणि संगणकावर एकसारख्या राहत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार.

रावेर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमची केळीबाग आहे. बागेच्या नोंदी मी मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये ठेवते आणि घरच्या विंडोज संगणकावर माझे थोरले दीर त्याच नोंदी उघडून त्यांत खते-औषधांचा खर्च भरतात. विहिरीजवळ मोबाइलला थोडी रेंज असते, परंतु बागेत आत शिरल्यावर ती जाते. त्यामुळे मी दिवसभर लिहिलेले संध्याकाळी घरच्या वायफायवरच सिंक होते, आणि तोवर दिरांनी त्याच नोंदीत काही भरलेले असते. अशा वेळी अ‍ॅप दोहोंपैकी एकच मजकूर ठेवते आणि दुसरा कोणतीही सूचना न देता नाहीसा होतो. अ‍ॅपचे नाव येथे देत नाही, कारण मला तक्रार करायची नसून मार्ग हवा आहे.

या नोंदींवर पुढचे बरेच काम अवलंबून असते. सीएमव्ही, म्हणजे केळीवरचा विषाणूजन्य हरण्या रोग, मावा किडीमुळे पसरतो आणि लागण झालेले झाड औषधाने बरे होत नाही. ते मुळासकट उपटून नष्ट करावे लागते आणि शेजारच्या झाडांवर सतत लक्ष ठेवावे लागते. सहा बाय पाच फुटांवर लावलेल्या बागेत एकरी साधारण १,४५० झाडे बसतात. कोणत्या ओळीतले कितवे झाड उपटले ही एक ओळ पुसली गेली, तर नंतर बागेत जाऊन नेमके कोठे पाहायचे हे कोणालाच सांगता येत नाही. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि कांदेबाग (पावसाळा सरतानाची लागवड) यांची एकेक नोंद लागवडीपासून कापणीपर्यंत वर्षभर वाढत जाते, त्यांत करप्याच्या पानांची छायाचित्रेही असतात.

गूगल कीपचा विचार केला, पण ते संगणकावर ब्राउझरमध्येच उघडते. एव्हरनोटच्या मोफत योजनेत डिसेंबर २०२३ पासून ५० नोंदींची मर्यादा आहे. जॉप्लिन या नोंदींच्या अ‍ॅपचे नाव ऐकले आहे. एकाच नोंदीत दोघांनी बदल केले तर त्यात दोन्ही मजकूर शिल्लक राहतात का, आणि छायाचित्रांमुळे जागा लवकर भरेल का, हे कृपया अनुभवी सभासदांनी सांगावे.

प्रतिसाद :

ताई, तुमच्या गरजेला जॉप्लिन योग्य वाटते. ते मोफत असून नोंदी मोबाइलवर आणि संगणकावर प्रत्यक्ष साठवते, त्यामुळे रेंज नसतानाही लिहिणे, वाचणे आणि शोधणे चालू राहते. दोन्हीकडे बदल झाले असतील, तर आधी सिंक झालेला मजकूर मूळ जागी राहतो आणि नंतर सिंक करणाऱ्या उपकरणावरचा मजकूर त्याच उपकरणावर ‘कॉन्फ्लिक्ट्स’ नावाच्या वेगळ्या वहीत जातो. म्हणजे तो हरवत नाही, मात्र दोन्ही मजकूर आपोआप एकत्र होत नाहीत. ते काम तुम्हालाच हाताने करावे लागेल.

म्हणून मी अ‍ॅपपेक्षा नोंदीची रचना बदलण्याला अधिक महत्त्व देईन. प्रत्येक बागेची वेगळी वही करा, बागेत गेलात की त्या दिवसाची नवी नोंद उघडा आणि खर्च दिरांना त्यांच्या स्वतंत्र नोंदीत लिहू द्या. दोघांनी एकाच नोंदीला हात लावण्याचा प्रसंगच मग क्वचित येईल. बॅटरी बचतीच्या सेटिंगमुळे मागे चालणारे काम थांबू शकते, तेव्हा घरी आल्यावर अ‍ॅप उघडे ठेवून सिंक पूर्ण होऊ द्या.

सिंकसाठी जॉप्लिन गूगल ड्राइव्ह या ऑनलाइन साठवणीशी थेट जोडले जात नाही. ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्ह चालते. मोफत जागा ड्रॉपबॉक्सवर २ जीबी आणि वनड्राइव्हवर ५ जीबी मिळते, त्यामुळे छायाचित्रांसाठी वनड्राइव्ह घ्या आणि मोठी छायाचित्रे लहान करण्याचा पर्याय चालू ठेवा. आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो : चुकून खोडलेली नोंद सिंकमुळे दुसरीकडूनही जाते, म्हणून संगणकावरून जेक्स (जॉप्लिनचे स्वतःचे फाइल स्वरूप) स्वरूपातील प्रत काढून ती पेनड्राइव्हवर वेळोवेळी ठेवत चला.

धागाकर्तीचे उत्तर :

मनापासून आभार. दिवसाची वेगळी नोंद करण्याची सूचना दिरांनाही पटली. जुन्या अ‍ॅपमधून नोंदी साध्या मजकुराच्या फाइलींत काढता येतात. त्या छायाचित्रांसह जॉप्लिनमध्ये एकदम आणता येतात का, की छायाचित्रे पुन्हा एकेक जोडावी लागतील?