'डिस्कस अबाउट'वर एवढं हसण्यासारखं काय आहे?

तळ्यातमळ्यात
काल आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक चित्र आलं. 'फक्त भारतीयच करतात अशा इंग्रजीतल्या १० चुका'. डिस्कस अबाउट, ऑर्डर फॉर, रिटर्न बॅक, कोप अप विथ, मॅरीड विथ वगैरे. खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. रात्री एका मित्रासोबत यावर तासभर बोललो, तरी राग गेला नाही, म्हणून हे लांबण.

मी मराठी माध्यमातला. इंग्रजी पाचवीपासून. (२००० साली ते पहिलीपासून झालं, आम्ही त्याआधीचे.) सातवीत 'वी डिस्कस्ड अबाउट द पिकनिक' लिहिलं होतं. बाईंनी 'अबाउट'वर लाल काट मारली. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "तिथे नसतं लावायचं." बस. आता बघा, सहलीबद्दल बोलतो, सहलीवर चर्चा करतो. मराठीत काहीतरी लावावंच लागतं. बरं, इंग्रजीतही टॉक अबाउट चालतं, थिंक अबाउट चालतं, डिस्कशन अबाउटसुद्धा चालतं. फक्त 'डिस्कस'च्या अंगाला अबाउट लागलं की विटाळ. पोराने अंदाज बरोबरच बांधला होता, भाषाच तिरकी निघाली.

आणि साहेबाचं तरी कुठे ठरलंय? निर्णयाचा निषेध करायचा तर ब्रिटिश माणूस 'प्रोटेस्ट अगेन्स्ट' म्हणतो, अमेरिकन 'अगेन्स्ट' गाळून टाकतो. कोर्टातल्या अपीलचंही तेच. अठराव्या शतकात चांगले शिकलेले लोक 'अॅक्सेप्ट ऑफ' लिहायचे. आज लिहा, ते चित्रवाले अकरावी चूक म्हणून छापतील.

लालपेन
बाईंच्या बाजूने बोलते, कारण ती लाल काट मी ३१ वर्षं मारली आहे. वर्गात ६२ मुलं, तास ३५ मिनिटांचा. त्यात मी लॅटिन धातू समजावू? 'नसतं लावायचं' हेच उत्तर खरं आहे. क्रियापदाबरोबर त्याचं शेपूट पाठ करायचं, नसलं तर नाही हेही पाठ करायचं. हसू नये हे मान्य. पण चूक ही चूक. माझी एक विद्यार्थिनी, गणितात पहिली. मुलाखतीत दोनदा 'डिस्कस अबाउट' म्हणाली. समोरच्याने शेजारच्याकडे बघून भुवई उडवली. ती भुवई तिने मला फोनवर रडत सांगितली. भाषा तिरकी आहे हे तुम्ही त्या भुवईला जाऊन सांगा.

तळ्यातमळ्यात
मग भुवईवाल्याची चूक, की मुलीची?

लालपेन
नोकरी कोणाची गेली?

अर्धवट_अभियंता
मला 'मराठीमुळे होतं' हेच पटत नाही. मराठीत 'तुझ्यावर प्रेम' असतं. आजवर एक तरी मराठी मुलगा 'आय लव्ह ऑन यू' म्हणालाय का? कितीही नापास असला तरी नाही म्हणत.

तळ्यातमळ्यात
ते वाक्य पोरं व्याकरणातून नाही, सिनेमातून शिकतात. कानात बसलेलं असतं. 'डिस्कस' कोण गाण्यात म्हणतं? जे कानावरून आलं ते बरोबर येतं, जे फळ्यावरून आलं त्याला मराठी शेपूट लागतं.

अर्धवट_अभियंता
सोयीस्कर आहे, पण छान आहे. तरी एक खडा टाकतो. 'डिस्कस अबाउट' नायजेरियातही सर्रास म्हणतात. लागोसच्या सहकाऱ्यांबरोबर चार वर्षं रोज कॉलवर होतो. त्यांना कोणी मराठी शिकवली?

तळ्यातमळ्यात
बरं बाबा. सगळा दोष मराठीचा नाही, लिहून घे. पण मग 'फक्त भारतीयच' हेही खोटं ठरलं ना? माझा मूळ राग त्यावरच होता.

शीचा_कैवारी
इंग्रजांचं इंग्रज बघतील हो. धागाकर्त्याने स्वतः काय लिहिलंय? 'मित्रासोबत बोललो'. मित्राशी बोलतात! हल्ली 'शी' मेलाच आहे. मालिका बघा, बातम्या बघा: तिच्यासोबत लग्न केलं, त्याच्यासोबत बोलणं झालं, पाकिस्तानसोबत सामना. सगळी हिंदीची 'के साथ'. वर 'माझी मदत कर'. अरे, मला मदत कर! शाळेत तृतीया 'ने, ए, शी' घोकली ती कशासाठी?

नुसता सोवळेपणा नाही हा. 'शेजाऱ्याशी भांडलो' म्हणजे शेजारी समोर. 'शेजाऱ्यासोबत भांडलो' म्हणजे मी आणि शेजारी एका बाजूला, समोर तिसराच कोणी. 'भावासोबत लग्न झालं' म्हणजे एका मांडवात दोघांचे बार उडाले. इंग्रजीच्या 'फाइट विथ'मध्ये नेमका हाच घोळ आहे, बाजूने की विरुद्ध ते कळत नाही. आपल्याकडे दोन वेगळे शब्द होते, ते आपण हाताने एक करतोय.

लालपेन
हे मात्र लाख बोललात.

संत्रानगरी
आले पुण्याचे इन्स्पेक्टर. आमच्याकडे आजी 'त्याच्यासंग भांडली' म्हणायची, आणि कोण कोणाच्या बाजूने हे सगळ्या मोहल्ल्याला कळायचं. नागपूर १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांताची, मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी आणि मराठी एकाच दुकानात उधारी करायच्या. तुम्ही ज्याला हिंदीची घाण म्हणता, ते आमचं घरचं बोलणं आहे. आणि ज्या 'सोबत'वरून हे रामायण, तो मूळचा अरबी 'सोहबत', फारसीतून आलेला. शुद्धच करायचं तर तोही काढा. तुम्ही मले नका शिकवू.

शीचा_कैवारी
मी पुण्याचा नाही, मिरजेचा आहे. 'घाण' हा शब्द माझ्या प्रतिसादात दाखवा, मी खाते बंद करतो. 'सोबत' शब्दाला माझी हरकत नाहीच, सोबतीला सोबत म्हणावं. जागा चुकतेय म्हणतोय. 'संग' आजीचं होतं, माझा त्याला नमस्कार. मुंबईतल्या स्टुडिओत बसून हिंदीवरून शब्दशः उतरवणाऱ्याची आजी कुठली?

संत्रानगरी
'शब्द चुकीच्या जागी' हेच तर ते चित्रवाले इंग्रजीबद्दल म्हणताहेत! तिथे तुम्ही 'इंग्रज बघतील' म्हणून मोकळे, आणि इथे स्वतःच इंग्रज.

तळ्यातमळ्यात
मी एवढा घाम गाळून लिहिलं त्याहून भारी वाक्य हे.

शीचा_कैवारी
फरक आहे. इंग्रजी आपण शिकलेली भाषा, मराठी आपण सांभाळायची भाषा. असो. 'इंग्रज' ही शिवी चांगली होती, जपून ठेवतो.

टोरांटोकर
बाहेरून दोन पैसे. इथे पहिल्या महिन्यात मॅनेजर म्हणाली, 'राइट मी'. वाटलं, हिचं 'टू' राहून गेलं. मग कळलं, उत्तर अमेरिकेत असंच म्हणतात. फॉर्म इथे 'फिल आउट' करतात, माझ्या शाळेत 'फिल इन' होता. ब्रिटिश 'अॅट द वीकेंड' म्हणतो, इथे 'ऑन'. बारा वर्षांत 'डिस्कस अबाउट'वरून कोणी भुवई उडवलेली पाहिली नाही. उडवली ती पुण्याहून बदलून आलेल्या आमच्याच एका मराठी साहेबांनी. भर मीटिंगमध्ये 'डिस्कस, नॉट डिस्कस अबाउट' म्हणाले. समोर चिनी, इराणी, ब्राझीलची मुलगी बसलेली, कोणाला विनोद कळेना. ब्राझीलच्या मुलीने नंतर मला हळूच विचारलं, 'मग बरोबर काय आहे?' ती स्वतः 'डिपेंड ऑफ' म्हणते, आणि काम तिचंच सगळ्यात नीट असतं.

लालपेन
तुमचं ठीक आहे, तुम्ही पोहोचलात. जिना चढून झाला की पायऱ्या मोजू नका म्हणणं सोपं असतं. माझ्या विद्यार्थिनीला पहिल्या पायरीवरच अडवलं, आणि अडवणारे तुमच्या त्या साहेबांसारखेच. म्हणून मी काट मारणार. हवं तर आतापासून लाल पेनाऐवजी पेन्सिलीने मारीन, आणि शेजारी 'टॉक अबाउट चालतं' एवढं लिहीन. ६२ वह्यांत तेवढंच जमेल.

तळ्यातमळ्यात
माझ्या वहीत तेवढं लिहिलं असतं तरी हा धागा निघाला नसता.

गोदाकाठची
भांडणं झाली असतील तर एक विचारू का? पाण्याच्या टाकीबद्दल सोसायटीला आज मेल करायचाय. कम्प्लेन अबाउट, अगेन्स्ट की ऑन?

लालपेन
टाकीची तक्रार 'अबाउट'. माणसाविरुद्ध असेल तर 'कम्प्लेंट अगेन्स्ट'. ज्याच्याकडे करायची त्याला 'टू'. 'ऑन' नको.

अर्धवट_अभियंता
'ऑफ' पण असतं. पण ते छातीत दुखतंय वगैरे सांगताना.

टोरांटोकर
'देअर इज नो वॉटर' लिहा. शेपटाची गरजच नाही.

गोदाकाठची
जाऊ दे, मराठीतच लिहिते. चेअरमनसोबत आधी एकदा बोलून घेते.

शीचा_कैवारी
चेअरमनशी.

संत्रानगरी
ताई, चेअरमनसंग बोला. पाणी येईल.