मदत हवी आहे: लाइट गेली की रास्पबेरी पायवरचं व्हीपीएन उठत नाही

घोडबंदरकर
रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर वायरगार्ड व्हीपीएनचा क्लायंट आहे. लाइट जाऊन आली की टनेल चालू दिसतं, पण नेट शून्य. कॉन्फिगमध्ये गडबड नाही, तीच फाइल फोनवर मस्त चालते. सोमवारच्या आत व्हायला हवं, लवकर सांगा.

पारसिक_वारा
ओएस कोणती? अलाउड-आयपीत (टनेलमधून काय जायचं ती यादी) काय लिहिलंय? 'डब्ल्यूजी शो' केल्यावर हँडशेक (सर्व्हरशी झालेली ओळखपाळख) दिसतो का? एवढं तरी द्या.

सेक्टर_सतरा
अ‍ॅडॉप्टर बघा आधी. मोबाइलचा चार्जर लावला असेल तर पाय असलेच चाळे करतो. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचाच हवा.

ऐरोलीकर
टेलस्केल हे तयार व्हीपीएन टाका, विषय संपला.

तलावपाळी
राउटरवर यूडीपी ५१८२० फॉरवर्ड केलाय का? आयएसपीचं सीजी-नॅट (अनेक ग्राहकांत एकच बाहेरचा आयपी) असेल तर स्टॅटिक आयपी मागा.

पारसिक_वारा
@तलावपाळी, हा क्लायंट आहे, बाहेर जाणारा. त्याला फॉरवर्डिंग कशाला? @ऐरोलीकर, टेलस्केलही आतून वायरगार्डच वापरतं.

घोडबंदरकर
ओएस बुलसाय. अलाउड-आयपी ०.०.०.०/०, म्हणजे सगळंच टनेलमधून, कीपअलाइव्ह २५. हँडशेकची ओळच नाही, सेंट वाढतं, रिसीव्ह्ड शून्य. दहा-वीस मिनिटांनी आपोआप सुरू होतं ते वेगळं. परवा दुपारी तीन तास लाइट नव्हती, तेव्हा मात्र संध्याकाळपर्यंत बंद. मधे फोनवर काम भागवलं. सर्व्हर ऑफिसचा, त्याला हात लावता येत नाही.

पारसिक_वारा
'आपोआप सुरू होतं' हे आधी सांगायचं ना राव! घड्याळ आहे हे.

पाय ४ वर आरटीसी (लाइट नसतानाही चालणारं घड्याळ) नाही. बुलसायवर घड्याळाची शेवटची वेळ अधूनमधूनच कार्डावर लिहिली जाते. लाइट अचानक गेली की पाय त्या जुन्या वेळेपासून उठतो. वायरगार्डच्या हँडशेकमध्ये टाइमस्टँप असतो, आणि त्या चावीकडून आधी आलेल्या टाइमस्टँपहून जुना आला की सर्व्हर तो गुपचूप टाकून देतो. एरर नाही, काही नाही. बरं, वेळ दुरुस्त करणारी एनटीपीची पाकिटंही ०.०.०.०/० मुळे त्याच मेलेल्या टनेलमध्ये जातात. मग पायचं घड्याळ रखडत पुढे येईपर्यंत बसायचं.

परवाचं कारण फोन. फाइल तीच म्हणजे चावी एकच, फोनचं घड्याळ बरोबर, म्हणजे सर्व्हरकडची शेवटची नोंद तीन तास पुढे गेली. फोनला वेगळी चावी घ्या ऑफिसकडून. एक चावी दोन यंत्रांवर ठेवायचीच नसते.

पायवर:
सिस्टिमडी-टाइम-वेट-सिंक ही सर्व्हिस एनेबल करा. मग 'सिस्टिमसीटीएल एडिट डब्ल्यूजी-क्विक@डब्ल्यूजी०' उघडून [युनिट] खाली आफ्टर आणि वॉन्ट्स, दोन्हींत टाइम-सिंक.टार्गेट लिहा. वेळ जुळल्यावरच टनेल उठेल.

सेक्टर_सतरा
आणि पाय गेटवे असेल, म्हणजे घरातलं सगळं नेट त्यातूनच जात असेल तर? तोवर घरातला सगळा ट्रॅफिक उघडा जाणार. त्यापेक्षा डीएस३२३१ हे आरटीसी मॉड्यूल बसवा. पिन १ वर ३.३ व्होल्ट, ३ वर एसडीए, ५ वर एससीएल, ९ ग्राउंड. बूट पार्टिशनच्या कॉन्फिग.टीएक्सटीत डीटीओव्हरले=आय२सी-आरटीसी,डीएस३२३१, आणि कार्डावर वेळ लिहिणारा फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढून टाका. चार्जिंग सर्किट असलेल्या मॉड्यूलवर सीआर२०३२ लावू नका, तो सेल चार्ज करायचा नसतो.

पारसिक_वारा
गेटवे असेल तर मान्य. नाहीतर राउटर एनटीपी देत असेल तर टाइमसिंकडी या वेळ जुळवणाऱ्या सर्व्हिसच्या कॉन्फिगमध्ये त्याचाच आयपी द्या. घरातलं नेटवर्क टनेलबाहेरच राहतं, वेळ मिळते.

ऐरोलीकर
मॉड्यूल लॅमिंग्टन रोडला मिळेल. ठाण्याहून दादरला बदला, तिथून ग्रँट रोडची स्लो. रविवारी नको, बरीच दुकानं बंद असतात.

तलावपाळी
एका मॉड्यूलसाठी दादरचा जिना? ऑनलाइन मागवा हो.

घोडबंदरकर
गेटवे नाही, फक्त पायपुरतंच. दोन ओळी टाकल्या. आता पुन्हा लाइट जाईपर्यंत कळायचं कसं?

पारसिक_वारा
घड्याळाचंच कारण आहे का, हे आत्ताच तपासता येईल. घरच्या वायफायवरून पायवर एसएसएचने लॉगिन करा, टाइमडेटसीटीएलने एनटीपी बंद करा, घड्याळ तासभर मागे घ्या, टनेल बंद-चालू करा. हँडशेक आला नाही की समजा तेच. मग टनेल उतरवा, एनटीपी चालू करा, वेळ जुळली की टनेल चढवा. दोन ओळींची परीक्षा मात्र प्लग काढूनच होईल. तेव्हा सलग 'डब्ल्यूजी शो' बघत बसू नका, राउटरला उठायलाच दोन-तीन मिनिटं लागतात.