वडिलांना लिव्हर कॅन्सर, माझ्या जीन रिपोर्टमधे रिपेअर जीन बदललेला आलाय, काय करू?

सांगलीकर_८८: बाबा मार्चमधे गेले, लिव्हर कॅन्सर. आयुष्यात दारूचा थेंब नाही घेतला, त्यामुळे डोकं चालेना, म्हणून मी ऑनलाइन जीन टेस्ट केली. त्यात एक्सआरसीसी१ नावाच्या डीएनए रिपेअर जीनमधे ३९९ नंबरला बदल आहे आणि 'धोका वाढलेला' असं लाल अक्षरात आलंय. रात्री झोप नाही. मुलगी सहा वर्षांची आहे, तिचीही टेस्ट करू का?

अनघा_लॅब: आधी शांत हो. हा बदल खूप कॉमन आहे, आपल्याकडे किती तरी लोकांत सापडेल. एक्सआरसीसी१ म्हणजे डीएनएचं एखादं अक्षर खराब झालं की दुरुस्तीवाल्या एन्झाइम्सना एका जागी धरून ठेवणारं प्रोटीन. या बदलाने लिव्हर कॅन्सर वाढतो का, यावर भरपूर अभ्यास झालेत, काहींत थोडा धोका दिसला, काहींत काहीच नाही. त्या लाल अक्षरांवर जाऊ नकोस आणि मुलीची जीन टेस्ट तर अजिबात नको.

मुळात दुरुस्ती करायला काहीतरी बिघडावं लागतं ना, ते काय बिघडवतं ते बघ. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात, मक्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष असतं, लिव्हरचेच एन्झाइम त्याचं असं रूप करतात की ते डीएनएतल्या ग्वानिन या अक्षराला जाऊन चिकटतं, आणि ते वेळेत काढलं गेलं नाही तर टीपी५३ या कॅन्सर रोखणाऱ्या जीनच्या २४९ व्या कोडॉनवर (तीन अक्षरांच्या गटात) ठरावीक म्युटेशन, म्हणजे बदल होतो. चीनमधल्या चिडोंग आणि ग्वांगशीकडच्या रुग्णांत हेच सापडलं. आणि शांघायच्या १८ हजारांवर पुरुषांचा अभ्यास आहे (१९९४), त्यात नुसत्या अफ्लाटॉक्सिनने धोका साधारण ३ पट, नुसत्या हिपॅटायटिस बी या लिव्हरच्या विषाणूने ७ पट, आणि दोन्ही एकत्र असतील तर जवळजवळ ६० पट! जीनचा फरक यापुढे किरकोळ आहे.

बाबांची एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बी ची रक्ताची टेस्ट झाली होती का??

दादाची_बहीण: अनघाताई म्हणतायत तेच विचारणार होते. आमच्या दादाच्या वेळी फाईलमधे पॉझिटिव्ह लिहिलेलं होतं पण घरच्यांची टेस्ट करा असं कोणी सांगितलंच नाही, दोन वर्षांनी माझी पॉझिटिव्ह निघाली. आता दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी (लिव्हर कॅन्सरसाठीची रक्ताची टेस्ट) करते, तारीख फ्रिजवर चिकटवलेली असते. आणि शेंगदाणे निवडताना सुरकुतलेले, हिरवट-काळे दाणे सरळ टाकायचे, 'भाजले की जातं' म्हणून कुटात घालू नका, भाजून सगळं जात नाही.

सांगलीकर_८८: फाईल आत्ता काढली. तिसऱ्या पानावर एचबीएसएजी रिॲक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह, पेनने गोल केलेलं. आम्हाला एकदाही कोणी बोललं नाही.

अनघा_लॅब: मग उद्याच आई, तू, भावंडं, सगळ्यांची टेस्ट करा, आत्या-काकांनाही फोन कर. ज्यांची निगेटिव्ह येईल त्यांना हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस. मुलीचं लसीकरण कार्ड बघ, बाळांना ही लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तैवानने १९८४ मधे बाळांना लस सुरू केली आणि पुढच्या दहाएक वर्षांत तिथल्या मुलांमधला लिव्हर कॅन्सर निम्म्यावर आला. कोणी पॉझिटिव्ह आलंच तर घाबरू नका, लिव्हरच्या डॉक्टरांकडे जा, गोळ्या आहेत.

सांगलीकर_८८: अपडेट. मुलीचे सगळे डोस झालेत. मी आणि आई निगेटिव्ह, पहिला डोस आजच घेतला. धाकटा भाऊ पॉझिटिव्ह. गुरुवारी त्याची सोनोग्राफी आहे, मी सोबत जातोय, बाबांची फाईल घेऊन.