सुमित्रा भावे यांच्या चित्रपटांची क्रमवारी : चौथ्या जागेवर अडलंय, मदत हवी आहे

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या दिग्दर्शक जोडीच्या पूर्ण लांबीच्या मराठी चित्रपटांतून पहिले पाच निवडायचे आहेत. लघुपट यात धरलेले नाहीत, त्यामुळे 'बाई' (1985) सुचवू नका.

आधी पुरस्कारांवरून क्रम लावला. 'कासव'ला 2016चं सुवर्णकमळ (सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार), म्हणून तो आपोआप पहिला. पण मग बाकीच्यांचा क्रम निव्वळ परीक्षकांच्या आवडीवर लागतो. नंतर पटकथा, अभिनय, छायाचित्रण, ध्वनी असे प्रत्येकी 10 गुण दिले. इथे घोळ झाला. 'देवराई'तला स्किझोफ्रेनिया, 'अस्तु'तला स्मृतिभ्रंश, 'कासव'मधलं नैराश्य : विषयाचं वजनच पटकथेच्या गुणांत शिरतं आणि तिन्ही 8 वर अडकतात.

सध्या 'अस्तु' पहिला (हत्तीमागे जाणारे शास्त्री, आणि अमृता सुभाषची चन्नम्मा), 'दिठी' दुसरा, 'कासव' तिसरा. 'दिठी'चं दिग्दर्शन एकट्या भावेंचं आहे हे माहीत आहे. तरी तो यादीत राहणार, त्यावर वाद नको. पाचवा 'दोघी'. 'देवराई'त अतुल कुलकर्णी बाजूला काढला तर समजावून सांगणं जास्त उरतं, म्हणून तो बाहेर.

चौथ्यासाठी 'वास्तुपुरुष' की 'दहावी फ'? 'वास्तुपुरुष'मध्ये वाडा स्वतःच पात्र होतो, पण गती मंद आहे. 'दहावी फ' बांधेसूद, मात्र शेवटाकडे उपदेशाकडे झुकतो.

दोन्ही अलीकडे पुन्हा पाहिलेल्यांनी सांगावं : दुसऱ्यांदा पाहताना कोणता जास्त टिकला, आणि नेमक्या कोणत्या प्रसंगामुळे?