सोलापुरात सार्वजनिक बागेत इंटर्नशिप: दोन महिन्यांत नेमकं काय करावं?

उद्यानकन्या_सोलापूर
नमस्कार. मी बी.एस्सी. उद्यानविद्येच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एप्रिल-मे असे दोन महिने इंटर्नशिप करायची आहे. फळबाग नको, सार्वजनिक बागेचं काम हवं. अर्ज कुठे करू? झाडांची गणना करून अहवाल द्यावा असं सुचवलं गेलंय. तेवढ्यावर भागेल का?

मुकादम_काका
महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज द्या. सोबत प्राचार्यांच्या सहीचं पत्र, तारखा आणि अपघात विम्याचा कागद जोडा. अर्जात एकाच बागेचं नाव आणि एकच काम लिहा. ‘कुठलंही काम चालेल’ असं लिहिलंत तर कार्यालयात नोंदी उतरवण्यातच महिना जाईल. केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र चांगलं आहे, पण ते फळपिकाचं. तुमची वाट वेगळी.

आणखी एक. माळी आणि मावशींची हजेरी होते त्या वेळेला बागेत हजर राहा. पाण्याचं काम सकाळीच उरकतं. उन्हं चढल्यावर गेलात तर ओली जमीन तेवढी दिसेल, पाणी कसं दिलं ते दिसणार नाही.

थेंब_मोजणारा
गणना करा, पण प्रकल्प पाण्यावर घ्या. सोलापुरात मे महिन्यात बाग टिकते ती पाण्यावर, आणि ते किती दिलं जातंय हे फार थोड्या ठिकाणी मोजलेलं असतं.

आधी हिशेब. 1 चौरस मीटरवर 1 मि.मी. पाणी म्हणजे 1 लिटर. उन्हाळ्यात लॉनला रोज साधारण 5 मि.मी. धरा. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौ.मी., म्हणजे गुंठ्याला रोज 500 लिटर. दहा गुंठ्यांच्या लॉनला 5,000 लिटर, एक छोटा टँकर.

आता तुषार सिंचनाची चाचणी. 10 सें.मी. तोंडाचे, सरळ कडांचे एकसारखे 16 डबे घ्या. दोन-तीन तुषारांच्या मधल्या जागेत 4 × 4 च्या चौकटीत मांडा. वारा पडलेला असताना 15 मिनिटं पाणी चालवा. प्रत्येक डब्यातलं पाणी सुई काढलेल्या सिरिंजने मोजा. या मापाच्या डब्यात सुमारे 8 मि.ली. म्हणजे 1 मि.मी.

सगळ्यांची सरासरी काढा, मग सर्वांत कमी भरलेल्या चार डब्यांची. समजा पहिली 4 मि.मी. आणि दुसरी 2 मि.मी. आली, तर समानता (दुसरी भागिले पहिली, म्हणजे पाणी किती सारखं पडतं) 50 टक्के. याचा अर्थ असा की कोरडा कोपरा हिरवा ठेवायला माळी दुप्पट वेळ पाणी सोडतो आणि बाकीच्या लॉनवर ते वाया जातं. माळ्याची चूक नसते ही, मांडणीची असते. बहुतेकदा कारणं अशी: नोझलमध्ये क्षार बसलेले, तुषाराचं डोकं कललेलं, एकाच पंपावर दोन लाइनी सुरू, किंवा दोन तुषारांमधलं अंतर जास्त. एका तुषाराचं पाणी शेजारच्या तुषारापर्यंत पोचलंच पाहिजे. नोझल साफ करा, डोकी सरळ करा आणि तीच चाचणी पुन्हा घ्या. आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवले की अहवालाचा गाभा तयार.

काळी_माती
वरचं बरोबर आहे, पण हा हिशेब काळ्या रानात तसाच वापरू नका. 15 मिनिटांत 4 मि.मी. म्हणजे तासाला 16 मि.मी. आपली काळी चिकण माती भेगा मिटल्यावर तासाला जेमतेम 1 ते 5 मि.मी. मुरवते. उरलेलं पाणी रस्त्यावर. म्हणून 5 मिनिटं सोडा, अर्धा तास थांबा, पुन्हा सोडा. दुसऱ्या दिवशी लोखंडी सळई टोचा. सहज 15 सें.मी. आत गेली तर ओल पुरेशी. दोन बोटांवरच अडली तर पाणी वरच्या वर राहिलंय. मुरमाड जागी उलट, पाणी लगेच खाली जातं. तिथे थोडं थोडं, पण वारंवार द्या.

बोअरचं पाणी तपासून घ्या. विद्युत वाहकता (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) 0.7 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर क्षार साठायला लागतात, 3 च्या वर गेली तर नाजूक शोभेची झाडं टिकत नाहीत. इक्झोरा या शोभेच्या झुडपाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या की युरिया टाकू नका. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, त्याची ती खूण. लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल, संध्याकाळी फवारा.

उद्यानकन्या_सोलापूर
खूप आभार! पावसाळ्याआधी फांद्या छाटतात, त्यात भाग घेता येईल का?

मुकादम_काका
बघा आणि नोंदवा, झाडावर चढू नका. विजेच्या तारांजवळ तर उभंही राहू नका. शहरात मनाला येईल तशी फांदी तोडता येत नाही, 1975 च्या महाराष्ट्र झाडांच्या जतन कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती फाईल कशी फिरते तेही बघून घ्या, नोकरीत रोज कामाला येईल.

जाड फांदीला तीन काप असतात. पहिला खालून, खोडापासून फूटभर अंतरावर, फांदीच्या एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून, फांदी पडेपर्यंत. तिसरा उरलेल्या खुंटाचा, खोडाजवळच्या फुगीर कड्याला धक्का न लावता. पहिला काप चुकवला की फांदी पडताना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते, आणि ती जखम वर्षानुवर्षं भरत नाही. बागेतल्या जुन्या झाडांवर अशा सोललेल्या पट्ट्या मोजा. तुमच्या गणनेत हा रकाना जरूर ठेवा. तसाच दुसरा रकाना, रोप लावताना बांधलेली नायलॉन दोरी किंवा ट्री गार्डची कडी खोडात रुतलेली आहे का. दोरी तुम्ही तिथल्या तिथे कापू शकता. कडीसाठी मुकादमाला सांगून वेल्डर बोलवावा लागेल.